एक मोळ दोरा

पहाटे पाचला गगनचा लगेज ऑटो म्हैसूरमधल्या नजरबादच्या गल्लीत शिरला तेव्हा पाऊस भुरभुरतच होता. आठ दिवस झाले, थांबायचं नाव नाही. त्याच्या बायकोने, वेदवतीने, दारातच पोत्याची गाठ सोडली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर काकडा मोगरा काढून दिव्याखाली धरला. निम्म्या कळ्या पिवळ्या पडल्या होत्या. हाताला नुसतं पाणी लागत होतं.

"हे काय आणलंत?"

"लिलावात पोतं उघडून बघायला देतात होय? श्रावण आहे, नाही का? घ्यायचं तर घे, नाहीतर मागचा उचलतो," असं म्हणत गगनने ओला शर्ट दोरीवर टाकला आणि तो भिंतीला टेकून तिथेच बसला.

घराण्यात एकेकाळी घोडी होती म्हणे. गगनच्या खापरपणज्याने म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात नाव काढलं होतं, असं त्याची आई सुमित्राबाई सणासुदीला सांगायची. आता घरात तीन चाकांचं हे एकच जनावर उरलं होतं, आणि तेही पावसात सुरू व्हायला चार लाथा मागायचं.

वरमहालक्ष्मीच्या व्रताचा शुक्रवार चार दिवसांवर आला होता. वर्षभराची फुलं एकीकडे आणि हे चार दिवस एकीकडे. वेदवतीने जुनी साडी अंथरली, त्यावर कळ्या पसरल्या आणि फडक्याने टिपायला घेतल्या. सुमित्राबाई दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून बसली. तिच्या बोटांची पेरं आता सुजून वाकडी झाली होती, तरी कळ्यांची जोडी आडवी-उभी लागायची आणि गाठ बसायची. कोपऱ्यात आठ वर्षांची नव्या तोंड उघडं टाकून झोपली होती. वेदवतीचं लक्ष घड्याळाकडे, पावसाकडे आणि पोत्याकडे असं फिरत होतं. या चार दिवसांत काहीतरी बिघडणार, असं तिला उगाच वाटत होतं.

जयलक्ष्मीपुरमच्या कोपऱ्यावर तिची टोपली बसते. पूर्वी तिथे सुमित्राबाई बसायची. समोरच नव्याची शाळा, म्हणून शाळा सुटली की पोरगी दप्तर घेऊन टोपलीमागच्या स्टुलावर येते. तिथे फुलं मोळाने विकली जातात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. जिची टोपली तिचा हात, त्यात वाद नाही.

आता बोटं उघडी धरायची की मिटून, हे कुठे लिहिलेलं नाही. वेदवतीची बोटं मिटायची. माळेचं टोक चिमटीत धरायचं, चिमूट तळव्याकडे वळवायची आणि माळ कोपरापर्यंत ओढायची. मोळामागे चार बोटं माळ वाचते. हात असा झरझर चालतो की बघणाऱ्याला काही उमजत नाही. दोन श्रावणांपूर्वी फुलांचे भाव कडाडले तेव्हा तिने बोटं मिटली होती. सण गेला, पाऊस गेला, बोटं उघडायची मात्र राहून गेली. आता तर ती मिटतात हेही तिच्या ध्यानात नसायचं.

त्या सोमवारी संध्याकाळी टोपलीभोवती सात-आठ बायका उभ्या होत्या. छत्र्यांचं पाणी फुलांवर गळत होतं. मागून नव्याने पदर ओढला.

"अम्मा, एक मोळ दोरा दे."

"कशाला गं आता?"

"मिसनी सांगितलंय. घरातल्या मोठ्या माणसाच्या हाताचा मोळ, दोऱ्यानं मोजून आणायचा."

"सुम्ने, गप बस जरा. हां मॅडम, तीन मोळ ना?"

"अम्मा, दे की!"

वेदवतीने रिळाचं टोक चिमटीत धरलं, कोपरापर्यंत सर्रकन ओढलं, दाताने तोडलं आणि मागे न बघता पोरीच्या हातात दिलं. नव्याने दोरा सरळ केला, वहीच्या पानात ठेवला आणि वही दप्तरात खोल सरकवली. देवाचा अंगारा जपावा तसा तिने तो जपला.

तिसरीच्या सुष्मा मिस म्हणजे वर्गात पान हललं तरी पालकांना कळवणारी बाई. रोज चार वाजता पालकांच्या ग्रुपवर फोटो यायचे. आज मुलांनी बी पेरलं, आज पाढे म्हटले, आज अमक्याने डबा पूर्ण संपवला. कन्नडात एकदा आणि इंग्रजीत एकदा. ऑफिसात बसलेल्या आया जेवणाच्या डब्यासारखी त्याची वाट बघत. वेदवतीकडे बटणांचा फोन होता. ग्रुप होता तो गगनच्या फोनवर, आणि गगनचा फोन दिवसभर गगनबरोबर गावभर फिरायचा. त्यामुळे पोरीच्या वर्गात काय चाललंय ते वेदवतीला दुसऱ्या दिवशी पहाटे, शिळं होऊन कळायचं.

मंगळवारी मात्र ते ताजंच कळलं.

साडेचार वाजता सिंधू मॅडम आल्या. पुण्याकडून नवऱ्याच्या नोकरीपायी आलेल्या. त्यांची गुंजन नव्याच्याच वर्गात. मराठी बोलायला मिळतं म्हणून चार पावलं जास्त चालून त्या वेदवतीकडेच फुलं घ्यायच्या.

"अहो वेदवती, पाहिलंत का आजचं? किती छान केलंय मिसनी!" त्यांनी फोन पुढे धरला.

मोठा पांढरा कागद भिंतीवर लावला होता. वरून ओळीने एकतीस दोरे सोडले होते. प्रत्येकाखाली पोराचं नाव, कुणाच्या हाताचा मोळ ते, आणि सेंटिमीटरचा आकडा. लांब, आखूड, त्याहून लांब. एका ठिकाणी ओळ एकदम वर उचलल्यासारखी दिसत होती. वेदवतीने सावकाश कन्नड अक्षरं लावली. नव्या. आई. छत्तीस.

"खाली विचारलंय बघा, सगळ्यांचा मोळ सारखा का नाही, पालकांनी मुलांशी बोला म्हणून." सिंधू मॅडमनी फोटो बोटांनी मोठा केला, मग वेदवतीच्या हाताकडे पाहिलं. पाहणं साधंच होतं, पण ते जरा जास्त वेळ टिकलं. "माझा चाळीस भरला. मला वाटायचं माझाच हात लहान."

"आमची हाडंच बारीक, मॅडम," वेदवती म्हणाली.

"असेल, असेल. दोन मोळ द्या."

माळेचं टोक चिमटीत आलं आणि चिमूट वळायला लागली. वेदवतीला ते पहिल्यांदाच दिसलं. तिने बोटं ताठ करायचा प्रयत्न केला, टोक निसटलं आणि माळ टोपलीत पडली. दुसऱ्या खेपेला तिने कसंबसं मोजलं आणि वर वीतभर तुकडा जास्त घातला. सिंधू मॅडम रोज "राहू दे हो एवढं" म्हणायच्या, ते आज म्हणाल्या नाहीत, आणि ते न म्हणणं वेदवतीला कानफटात मारल्यासारखं लागलं.

मागे स्टुलावर नव्या मान खाली घालून बसली होती. दप्तरातून डायरी काढून तिने आईच्या मांडीवर टाकली. मिसनी लाल अक्षरात लिहिलं होतं. दोरा कापताना नव्याकडून चूक झालेली दिसते, पुन्हा मोजून पाठवावा, पालकांची सही.

"मी नाही सही करू देणार," नव्या म्हणाली. "जोरात ओरडले मी वर्गात. म्हटलं, माझ्या अम्मानं स्वतः मोजून दिलाय. ती रोज मोजते. तिचं चुकत नाही. सगळे हसले. गुंजन म्हणाली, तू वाटेत खेळताना तोडला असशील."

"मग?"

"मग मिस म्हणाल्या, गुरुवारी पालकांचा खुला तास आहे, तेव्हा तुझी अम्माच मोजून दाखवेल. सगळ्यांसमोर." तिने नाक ओढलं. "दाखव त्यांना."

वेदवतीने डायरी मिटली आणि टोपलीखालच्या प्लास्टिकमध्ये घातली. त्या संध्याकाळी तिने कुणाला बोटं मिटून मोळ दिला, कुणाला उघडून, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

बुधवारी पहाटे गगनने पोतं उतरवलं, फोन उघडला आणि तो हसायला लागला. "तुझा हात बघ की. वर्गात सगळ्यात आखूड!"

वेदवतीने ओलं फडकं आपटलं. "हसू नका. तीसएक घरांत गेलाय तो फोटो. त्यातल्या वीस बायका माझ्याकडे फुलं घेतात."

तेव्हा गगनच्या डोक्यात उजेड पडला. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? उद्या जा. बोटं लांब कर, मोज. म्हण, पोरीनं येताना तोडला असेल. मिसनं तसंच लिहिलंय. आयितु, संपलं."

"आणि पोरगी?"

"पोरं काय, दोन दिवसांत विसरतात."

सुमित्राबाई अंगठ्याला दोरा लावून ऐकत होती. तिची गाठ अर्धीच राहिली. "वेदा, बोटं मिटतेस?"

वेदवती कळ्या टिपत राहिली. टिपलेल्याच पुन्हा टिपल्या.

"विचारतेय मी."

"मिटते. तुमच्या वेळी मोगरा पोत्यानं यायचा, आत्याबाई. आता निम्मा कुजलेला येतो. कुजकी फुलं कुणाच्या मोळातनं काढू? तुमचं नाव घेऊन बायका येतात, सुमित्राबाईचा मोळ, सुमित्राबाईचा मोळ. मला त्याचा वीट आलाय!"

तिचा आवाज चढला होता. कोपऱ्यात नव्या कूस बदलून परत झोपली. सुमित्राबाईने वाकडी बोटं गुडघ्यावर पसरली आणि त्यांच्याकडे बघत बसली.

"मीपण मिटलेत," ती म्हणाली. "वरमहालक्ष्मीचे चार दिवस, दसऱ्याचे चार दिवस. सगळ्याच मिटतात. पण सण उतरला की मी उघडायची. तू बारा महिने मिटतेस, वेदा. आणि पोरीला तोच मोळ म्हणून ठाऊक आहे."

सासूने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं वेदवतीला वाटलं. निदान उलटून बोलता आलं असतं.

बुधवारचा दिवस तिने कसातरी काढला. टोपलीशी दोन बायका थांबल्या, आपसात काही बोलल्या आणि पलीकडच्या चौकातल्या बाईकडे गेल्या. कदाचित त्यांना शेवंती हवी असेल, तिच्याकडे शेवंती नव्हती. पण वेदवतीला सगळं त्या फोटोमुळेच वाटत होतं. उजव्या हाताला खाज सुटल्यासारखी ती तो सारखा पदराला पुसत होती.

गुरुवारी सकाळी वर्षातली सगळ्यात जास्त विक्री. तीच टोपली गगनच्या हवाली करून वेदवती साडेनऊला शाळेचं फाटक ओलांडून गेली. गगनला फुलं विकता येत नाहीत, तो बायकांना "किती किलो?" विचारतो, तरी इलाज नव्हता.

वर्गात पालक पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. एकाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिसऱ्या बाकावर सिंधू मॅडम, शेजारी गुंजन. वेदवतीच्या साडीच्या काठाला चिखल होता आणि अंगाला काकड्याचा वास येत होता. मिसनी बसायला सांगितलं तरी ती दारापाशीच उभी राहिली. फळ्याशेजारी तो कागद. फोटोत होता त्याहून मोठा. छत्तीसचा दोरा ओळीत पडलेल्या दातासारखा दिसत होता.

सुष्मा मिस स्वभावाने चांगली बाई. ओढणीला खडू लागलेला, आवाज बसलेला. ती कन्नडात म्हणाली, "आपण रोज जिथं फुलं घेतो, त्या नव्याच्या आई आज आल्यात. रोज शेकडो मोळ मोजणारा हात आहे हा. दाखवा ना, अम्मा." आणि तिने रीळ पुढे केलं.

नव्या पट्टी घेऊन कागदाजवळ उभी होती. दोन वेण्यांना आज रिबिनी. आईकडे बघून ती हसली. काळजी नाही, शंका नाही. असं कुणी आपल्याकडे बघितलेलं वेदवतीला कितीतरी दिवसांत आठवत नव्हतं.

वेदवतीने टोक घेतलं. सगळ्या वर्गाचे डोळे तिच्या बोटांवर होते. तिने मधलं बोट ताठ केलं, दोरा त्याच्या टोकाला लावला, कोपरापर्यंत आणला. तिने दाताने तोडला.

मिसनी तो घेतला आणि कागदावरच्या दोऱ्याशेजारी धरला. नवा दोरा चार बोटं खाली लोंबत होता. नव्याने पट्टी लावली.

"त्रेचाळीस," ती हळू म्हणाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" गुंजन आईच्या कानात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. मागे कुणीतरी पोर खुदकन हसलं.

"असू दे, नव्या," मिस मायेने म्हणाल्या. "घाईत तुटतो कधीकधी. चुकीतूनच शिकायचं."

"मी नाही तोडला, मिस." नव्याची हनुवटी हलायला लागली. तिने आईकडे पाहिलं. "अम्मा, मी तोडला का?"

इथे गप्प राहिलं की सुटका होती. नुसतं गप्प राहायचं, काही खोटं बोलायचीही गरज नव्हती. मिसनी लाल अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं. संध्याकाळी त्याच बायका टोपलीशी आल्या असत्या. पोरगी रडली असती, दोन दिवसांत विसरली असती. आणि पुढे कधीही, दुसऱ्याने तोडलेल्या दोऱ्याबद्दल, मान खाली घालायला शिकली असती.

"थांबा," वेदवती म्हणाली. ती पुढे गेली. रीळ तिने मिसच्या हातातून ओढूनच घेतलं. टोक चिमटीत धरलं, चिमूट तळव्याकडे वळवली, सर्रकन कोपरापर्यंत ओढलं, तोडलं. "मोज."

नव्याने पट्टी लावली. "छत्तीस!" ती ओरडली. "मिस, छत्तीस!"

"हा पण माझाच हात," वेदवती म्हणाली. "बोटं मिटली की असा भरतो. टोपलीशी मी हाच देते. पोरीनं जसा दिला तसा आणला. ती चुकली नाही. चुकले मी."

ओळखपत्रवाला फोनमध्ये बघायला लागला. सिंधू मॅडमनी पर्स मांडीवर घट्ट धरली. सुष्मा मिसनी त्रेचाळीसचा दोरा उचलला, जुन्याच्या शेजारी चिकटवला आणि त्याखाली आकडा घातला. मग नव्याच्या डायरीतल्या लाल अक्षरांवर रेघ मारून त्यांनी कडेला "बरोबर" लिहिलं. वेदवतीने ते बघितलं नाही. ती फाटकाबाहेर पोहोचली होती.

चार वाजता फोटो गेला. तो जाणारच होता. कागदावर आता बत्तीस दोरे, नव्याच्या नावावर दोन. गगनने तो टोपलीशीच दाखवला आणि तो ऑटोकडे गेला.

पाच वाजले. सणाची पूर्वसंध्या, पाऊसही थांबलेला, आणि टोपलीशी कुणी नव्हतं. चौकातल्या दुसऱ्या बाईकडे रांग होती. वेदवती फुलांवर पाणी शिंपडत होती, फुलं आधीच ओली होती. उद्या ही सगळी उकिरड्यावर जाणार, असं तिच्या मनात येत होतं. नव्या स्टुलावर पाय हलवत गुणाकार करत होती. आज ती खुशीत होती.

साडेपाचला दोन बायका आल्या, त्यांच्यामागे तिघी. सगळ्यात पुढे सिंधू मॅडम, गुंजनचा हात धरून.

"चार मोळ," सिंधू मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ड्रेसची बाही वर सारली आणि आपलाच हात टोपलीवर लांब केला. "यावर मोजा."

आवाज वाईट नव्हता. पण मागच्या बायकांनीही आपापल्या बाह्या चाचपल्या, ते वेदवतीने बघितलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सासूच्या पस्तीस वर्षांत कुणी टोपलीवर हात पसरला नव्हता. तिने माळ उचलली आणि मुकाट त्या गोऱ्या हातावर, बोटाच्या टोकापासून धरली.

"आंटी," मागून नव्या म्हणाली, "तुमचा चाळीस आहे."

"काय गं?"

"चार्टवर आहे ना. गुंजनच्या आईचा चाळीस. माझ्या अम्माचा उघडा हात त्रेचाळीस. तुमच्या हातानं घेतलं तर तुम्हाला कमी फुलं मिळतील." तिने बोटांवर हिशेब केला. "चार मोळात बारा सेंटिमीटर कमी."

रांगेत कुणीतरी फसकन हसलं. सिंधू मॅडमनी लेकीकडे बघितलं. गुंजनने मान डोलावली, "हो मम्मा, चाळीसच." सिंधू मॅडमचा हात टोपलीवर अधांतरी राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, बाही खाली ओढली आणि ओशाळं हसून म्हणाल्या, "मोजा मग तुम्हीच."

वेदवतीने टोक धरलं. चिमूट सवयीने तळव्याकडे वळायला लागली. पाठीमागून नव्या बघत होती, समोरून पाच जणी. तिने एकेक बोट सोडवावं तसं उघडलं, मधलं शेवटी. दोन वर्षांत न ताणलेल्या शिरा मनगटापर्यंत दुखल्या.

"एक," नव्या मोठ्याने म्हणाली.